डेबियन ‘जुनं’ का असतं आणि त्याचं डॉक्युमेंटेशन कुणाचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

लहान संस्थांच्या सर्व्हरसाठी मी डेबियन ही लिनक्स डिस्ट्रो (ऑपरेटिंग सिस्टिम आणि सॉफ्टवेअरचा तयार संच) का सुचवते, या माझ्या लेखावर तुम्ही बरीच सविस्तर आणि कडक प्रतिक्रिया लिहिलीत. दोन ओळींत आभार मानून सोडून देण्यासारखी ती नाही, म्हणून सवडीने उत्तर लिहायला बसले आहे. इतर वाचकांसाठी आधी तिचा गोषवारा देते.

तुम्ही सीप्झमधल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळता. तुमचं म्हणणं असं की डेबियन स्टेबल (त्याची स्थिर शाखा) म्हणजे जुन्या व्हर्जनचं गोदाम, आणि जुनं म्हणजे असुरक्षित. कम्युनिटीने लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनला कुणी वाली नसतो. चुकलं तर जाब कुणाला विचारायचा? त्यापेक्षा पैसे मोजून सपोर्ट घ्यावा, आणि ते परवडत नसेल तर आता चॅटबॉट आहेतच. शेवटी, हे सगळं मराठीत आणायची माझी धडपड तुम्हाला ‘भावनिक’ वाटते, कारण कमांड इंग्रजीतच टाइप करायची असते.

पहिल्या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे. सर्व्हरची डिस्ट्रो मुळात कशासाठी असते, हा प्रश्न तिथेच येतो.

परळच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बघते. जुलै २०२४ मध्ये त्यांचं सिक्युरिटी ऑडिट झालं आणि अहवालात लाल अक्षरांत एक नोंद आली: ओपनएसएसएच कालबाह्य, व्हर्जन ९.२, तातडीने ९.८ करा. (ओपनएसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याचं सॉफ्टवेअर.) त्याच महिन्याच्या १ तारखेला क्वालिस या सुरक्षा कंपनीने त्यातला सीव्हीई-२०२४-६३८७ हा दोष जाहीर केला होता (सीव्हीई म्हणजे सुरक्षा-दोषांना मिळणारा जाहीर क्रमांक). लॉगिन न करता थेट रूटपर्यंत, म्हणजे सर्व्हरच्या पूर्ण ताब्यापर्यंत, पोचण्याची शक्यता असलेला दोष, म्हणजे प्रकरण गंभीरच होतं. मूळ प्रकल्पाने तो ९.८ मध्ये दुरुस्त केला होता आणि आमच्या सर्व्हरवर ९.२ दिसत होतं. सेक्रेटरी धास्तावले. पाठोपाठ एका व्हेंडरचं नवीन सर्व्हरचं कोटेशनही येऊन पडलं.

आता सर्व्हरवर खरोखर काय होतं ते बघा. पॅकेजचा, म्हणजे डेबियनने बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरचा, पूर्ण आकडा होता ९.२पी१-२+डेब१२यू३. स्कॅनर वाचतो फक्त सुरुवातीचं ९.२. खरी माहिती शेपटात असते. ‘डेब१२यू३’चा अर्थ असा की हे डेबियन १२ साठीचं तिसरं अपडेट आहे, आणि या दोषाची दुरुस्ती त्यातच होती. डेबियनच्या सिक्युरिटी टीमने फक्त तेवढी दुरुस्ती घेतली आणि ९.२ च्या अंगावर बसवली. बाकी कोड, कॉन्फिगरेशन, सवयी, सगळं जिथल्या तिथे. रॉकी आणि आल्मा या दुसऱ्या डिस्ट्रो ज्या घराण्यातल्या आहेत त्या रेड हॅटच्या एंटरप्राइज लिनक्स ८ वर तर ओपनएसएसएच ८.० आहे, म्हणजे आणखी जुनं. पण हा दोष शिरला ८.५ मध्ये, त्यामुळे त्या ‘आणखी जुन्या’ सर्व्हरना तो कधी लागलाच नाही. मार्च २०२४ मधल्या एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणातही तेच घडलं. मागचा दरवाजा ५.६.० आणि ५.६.१ मध्ये घुसवलेला होता, म्हणजे ताज्या व्हर्जनमध्ये. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या चाचणीच्या शाखांपर्यंत तो पोचला, स्टेबलपर्यंत नाही.

सर्व्हर डिस्ट्रोचं काम माझ्या मते हेच. ती काळाबद्दल शब्द देते. डेबियन १२ आलं १० जून २०२३ ला. तीन वर्षं पूर्ण सपोर्ट, पुढे दोन वर्षं एलटीएस (दीर्घकालीन सपोर्ट). या सगळ्या काळात तिथलं पीएचपी ८.२ (वेबवरची सॉफ्टवेअर जिच्यात लिहितात ती भाषा) हे ८.२ च राहणार. पतसंस्थेचं कर्जाचं सॉफ्टवेअर एका छोट्या फर्मने लिहिलंय. दर सहा महिन्यांनी पीएचपी बदललं तर तपासत बसायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. एंटरप्राइज लिनक्स ८ चा अपाचे २.४.३७ हा वेब सर्व्हर २०१९ पासून आहे आणि २०२९ पर्यंत आकड्याने तोच राहील, आतून दुरुस्त होत राहील. तुम्ही ज्याला गोदाम म्हणता तिथे रोज कुणीतरी कपाट उघडून प्रत्येक वस्तू तपासतंय.

मग ऑडिटरला पटलं कशाने? माझ्या तोंडच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवायचं काही कारण नव्हतं आणि त्यांनी ठेवलाही नाही. पॅकेजसोबत सर्व्हरवरच येणारी चेंजलॉगची फाइल असते, तिच्यात या दुरुस्तीची नोंद होती. डेबियनच्या सिक्युरिटी ट्रॅकरवर त्या दोषाचं पान आहे, त्यात कोणत्या रिलीजमध्ये कोणत्या आकड्यापासून दुरुस्ती आली हे दिलेलं असतं. दोन्हींचे प्रिंटआउट काढले, आकड्यांखाली पेनने रेघ मारली, सेक्रेटरींची सही घेऊन पाठवले. नोंद काढली गेली. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही. सुरक्षितता अपडेटने आधीच दिली होती, पण ती सिद्ध झाली कागदावर. म्हणूनच मी डॉक्युमेंटेशनला डिस्ट्रोचा भाग मानते. सोबत फुकट मिळणारं पत्रक असा त्याचा विचार मी करूच शकत नाही.

आता ‘वाली कोण’ हा प्रश्न. इंटरनेटवर भटकणाऱ्या लेखांबद्दल तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे. एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ‘४०३ फॉरबिडन’ (परवानगी नाही) येतंय म्हणून शोधलं की अजूनही पहिला सल्ला काय मिळतो? सेटएनफोर्स झिरो करा. म्हणजे एसईलिनक्स हे लिनक्समधलं सुरक्षा-कवच बंदच करून टाका. खरं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की वेबसाइटच्या फाइली नेहमीच्या जागेऐवजी दुसरीकडे ठेवल्या आणि त्यांना एसईलिनक्सचं योग्य लेबल लागलं नाही. सेमॅनेज या कमांडने त्या फोल्डरचा प्रकार नोंदवायचा, रिस्टोअरकॉन या कमांडने लेबल लावायचं, झालं. सेंटओएस या मोफत डिस्ट्रोच्या विकीवर एसईलिनक्सचं एक नीट समजावणारं पान होतं, माझ्यासारख्या कितीतरी जणींनी ते वाचून हा विषय शिकून घेतला. ८ डिसेंबर २०२० ला सेंटओएस ८ ची मुदत २०२९ ऐवजी २०२१ अखेर संपणार असं जाहीर झालं, तेव्हा लोक पॅकेजचं काय याची चर्चा करत होते. मला तेव्हाही त्या पानांची काळजी जास्त वाटली होती. पॅकेज पुन्हा बांधता येतात आणि रॉकी-आल्मावाल्यांनी २०२१ मध्ये ती बांधलीही. पण वर्षानुवर्षं साचलेलं ‘असं का करायचं’ हे पुन्हा लिहायला माणसं लागतात.

एकट्या माणसाच्या भरवशावर ठेवलेलं डॉक्युमेंटेशन बुडतं, हेही मान्य. २००८ मध्ये जेंटू या डिस्ट्रोच्या अनधिकृत विकीचा डेटा गेला आणि धड बॅकअप नव्हता. गिरगावातल्या जुन्या इमारतीत कुठला व्हॉल्व्ह कुठल्या मजल्याचा हे फक्त एका प्लंबरला ठाऊक असावं आणि तो मे महिन्यात गावी जावा, तशी गत.

पण डेबियनमध्ये तसं चालत नाही. त्यांच्या पॉलिसीनुसार प्रोग्रॅमसोबत मॅन्युअल पान असायलाच हवं. नसेल तर तो बग धरला जातो, कोड चुकल्यावर धरतात तसाच. तो बग नंबरासह सगळ्यांना दिसतो. अडचणी लपवणार नाही, हे १९९७ च्या त्यांच्या सोशल काँट्रॅक्टमध्येच आहे. तुम्ही विचारता जाब कुणाला विचारायचा. प्रत्येक पॅकेजवर मेंटेनरचं, म्हणजे ते सांभाळणाऱ्याचं, नाव असतं, त्यालाच विचारा, आणि त्याने काय उत्तर दिलं हे मलाही वाचता येईल. सशुल्क सपोर्टमध्ये फोन नंबर मिळतो, हे खरं. बँक असेल, रुग्णालय असेल, तर त्यांनी तो जरूर घ्यावा. पण तिथलं बरंचसं उत्तर लॉगिनच्या पलीकडे राहतं. ज्याने पैसे भरले त्याचा प्रश्न सुटतो आणि पुढच्या माणसाला तो पुन्हा शून्यापासून सोडवावा लागतो.

ही पानं प्रत्यक्षात काय वाचवतात याचं अलीकडचं उदाहरण देते. एका वाचनालयाचा सर्व्हर १२ वरून १३ वर न्यायचा होता. डेबियन १३ हे ९ ऑगस्ट २०२५ ला आलं. रिलीज नोट्समध्ये ‘माहीत असाव्यात अशा अडचणी’ असं एक प्रकरण असतं, अपग्रेडआधी मी ते शब्द न् शब्द वाचते. त्यात लिहिलंय की आता टीएमपी हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर डिस्कवर न राहता टीएमपीएफएसमध्ये, म्हणजे मेमरीत जाईल, आणि मर्यादा न बदलल्यास तो निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकेल. वाचनालयाची रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट डेटाबेसचा डंप, म्हणजे पूर्ण प्रत, आधी टीएमपीतच टाकत होती. सर्व्हरला रॅम ८ जीबी. पुस्तकांची मुखपृष्ठं डेटाबेसमध्येच साठवलेली असल्याने डंप भलामोठा. म्हणजे अपग्रेडनंतर पहिल्याच रात्री डंप ४ जीबीला जाऊन अडकला असता आणि मेमरीची ओढाताण झाली असती ती वेगळीच. स्क्रिप्टमधली एक ओळ बदलून डंपची जागा डिस्कवर नेली, मग अपग्रेड केलं. टीएमपी पुन्हा डिस्कवर हवा असेल तर काय करायचं, तेही त्याच परिच्छेदात दिलंय. हा परिच्छेद कुणीतरी, बहुधा स्वतःची नोकरी सांभाळून, लिहिला आहे. त्या माणसाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात. मीही वापरते. पण सर्व्हरवरचं उत्तर व्हर्जनला बांधलेलं असतं आणि तिथे तो गफलत करतो: डेबियन ११ ची सवय, उबुंटूची फाइल आणि रॉकीची कमांड एकाच उत्तरात आत्मविश्वासाने येतात. शिवाय त्याने ते शिकलं कुठून? याच पानांतून. पानं लिहायची थांबली की तोही पुढच्या रिलीजबद्दल मागच्याचंच सांगत राहील.

राहिला मराठीचा मुद्दा. ‘भावनिक’ म्हणालात त्याचं मला वाईट वाटलं नाही, कारण भावना आहेच. पण ज्या माणसांसाठी मी हे करते ती तुमच्या कंपनीत दिसणार नाहीत. पतसंस्थेत सर्व्हरचा रोजचा कारभार पाहणारा मुलगा रात्रशाळेतून बारावी झालेला आहे. कमांड तो बिनचूक टाइप करतो. त्याला अडतं ते ती कमांड का द्यायची, कधी द्यायची नाही आणि बिघडलं तर मागे कसं यायचं, हे सांगणाऱ्या चार ओळींपाशी. पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने हे फार पूर्वी ओळखलं. त्यांचे लिनक्सवरचे धडे मराठीतही आहेत: पडद्यावरचं सगळं इंग्रजीतच राहतं, समजावणारा आवाज मराठी. धडा साधारण दहा मिनिटांचा, शेजारी टर्मिनल उघडून करत जायचा. त्या मुलाने टर्मिनलची भीती तिथेच घालवली. कमांड इंग्रजीत असली तरी कारण मराठीत कळू शकतं, हे मी रोज बघते.

डेबियनच्या इन्स्टॉलरच्या भाषांमध्ये मराठी आहे. रिलीज नोट्सच्या भाषांमध्ये नाही. म्हणजे सर्व्हर उभा करेपर्यंत आपली भाषा सोबत असते आणि सांभाळायची वेळ आली की ती सुटते. संस्थेचं नुकसान होतं ते या दुसऱ्या टप्प्यात.

तुमच्या प्रतिक्रियेतलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमच्या टीमकडे स्वतःच्या नोट्सचा मोठा साठा आहे, त्यामुळे ‘बाहेरचं काही लागत नाही’. तुम्हाला लागत नसेल, पण बाहेर त्याची फार गरज आहे. तुम्ही रॉकी वापरता असं लिहिलंत. रॉकीचं डॉक्युमेंटेशन साध्या मार्कडाउन फाइलींत असतं, बदल सुचवायला पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची ऑनलाइन विनंती) पुरते, आणि परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असल्याने तुम्ही लिहिलेलं कुणी कुलपात बंद करू शकत नाही. कंपनीची नावं आणि आयपी पत्ते काढा, वरिष्ठांची परवानगी घ्या आणि एखादं पान द्या. एसईलिनक्सपासून सुरुवात केलीत तर उत्तम.

आणि एक प्रत्यक्ष विनंती. डेबियन १३ च्या रिलीज नोट्समधल्या त्या अडचणींच्या प्रकरणाचं मराठी मी करायला घेतलंय. त्याला जोडून पोस्टग्रेस या डेटाबेसवर एक वेगळी नोंदही लिहिली आहे: १२ मधलं व्हर्जन १५ आणि १३ मधलं १७, जुना क्लस्टर (त्या व्हर्जनमधला डेटाबेसचा साठा) नव्यावर कधी न्यायचा, जुना कधी काढायचा, तोवर डिस्कवर किती जागा हवी. तुम्ही रोज पोस्टग्रेस चालवता, माझ्याकडच्या संस्था मारियाडीबी या दुसऱ्या डेटाबेसवर आहेत. मसुदा तयार आहे. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय तो मला पुढे पाठवायचा नाही. कुठे पाठवू, कळवाल का?