डोके ठिकाणावर बसवण्यापूर्वी

इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवायला हिंमत लागते, असे मी ऐकून होतो. प्रत्यक्षात उतरवणे सोपे निघाले; हेड हातात आल्यावर मात्र ते फेसिंग करून, म्हणजे मशीनवर पातळ थर कापून सपाट करून, घ्यायचे की आहे तसेच बसवायचे, हा प्रश्न समोर उभा राहिला. माझ्या गाडीचे इंजिन सहा सिलिंडरांचे, व्ही आकाराचे आणि म्हणून दोन हेडचे असल्यामुळे हा प्रश्न मला दोनदा पडला.

मूळ दोष माझाच. कूलंटची नळी गळू लागली, तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला आणि मी “आता थोडेच अंतर राहिले आहे” असे म्हणत गाडी रेटली. पुढचे सगळे क्रमाने झाले: ऑईल भरायच्या झाकणाखाली खाकी फेस, जमिनीवर थेंबही न सांडता कमी होणारे कूलंट, मागून पांढरा धूर. हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद ठेवणारे हेड गॅस्केट गेले होते. अ‍ॅल्युमिनियम तापले की ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. माझे हेड अ‍ॅल्युमिनियमचे, सिलिंडर ज्यात असतात तो खालचा ब्लॉक लोखंडाचा, आणि दोघांना बोल्टांनी घट्ट जखडलेले. अशा संसारात वाकते कोण, हे सांगायला नको.

मग सल्लागार जमले. शेजारी म्हणाले, “एकदा उतरवले की फेसिंग करूनच बसवायचे.” मेहुणे म्हणाले, “मूळ पृष्ठभागाला मशीन लावूच नये.” दोघांच्याही आवाजात सारखाच ठामपणा होता आणि दोघांपैकी एकानेही हेड पाहिलेले नव्हते.

शेवटी मी इंजिनाची पुस्तिका उघडली. हेडचा सपाटपणा ०.०५ मिलिमीटरच्या आत असावा, असे तिथे लिहिले होते. माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. ज्याने भिंतीवर ठोकलेली फळी पाहताना पाहुण्यांना मान तिरकी करावी लागते, त्या माणसाने आता केसापेक्षा बारीक फट शोधायची होती.

आधी सफाई. जुने गॅस्केट हेडला असे चिकटून बसले होते की खरवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या. ड्रिलला घासणारी चकती लावली असती तर काम दहा मिनिटांत उरकले असते, पण चकती मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये नकळत खळगे पाडते आणि तिचा बारीक चुरा ऑईलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचला की हेडचा प्रश्न मागे पडून सबंध इंजिनाचा प्रश्न निर्माण होतो. म्हणून मी प्लॅस्टिकची पट्टी घेऊन, नखाएवढा नखाएवढा तुकडा सोडवत बसलो.

नंतर घरातली पोलादी फूटपट्टी हेडवर आडवी धरून पलीकडे दिवा लावला. मधोमध उजेडाची लख्ख रेघ दिसली. हेड वाकले, असा निकाल देऊन मी जवळजवळ सुतकात बसलो होतो; तेवढ्यात सहज म्हणून पट्टी उलटी करून पाहिली, तर मधली रेघ नाहीशी होऊन दोन्ही टोकांना उजेड दिसू लागला. वाकडी पट्टी होती.

मग खरी सरळकडा, म्हणजे अचूक सरळ धारेची पट्टी, मागून आणली आणि फिलर गेजचे, म्हणजे फटी मोजायच्या पातळ पानांच्या जुडग्यातले, ०.०५चे पान काढले. हे पान इतके लवचिक असते की जरा जोर लावला की सुरकुतते आणि फार हळू धरले की फट असूनही आत जात नाही. लांबीने दोनदा, रुंदीने दोनदा, कर्णाने दोनदा, अशा सहा दिशांनी मी मोजत होतो आणि प्रत्येक वेळी मनात एकच शंका येत होती: पान जाते आहे, की मी ते घालतो आहे? तिसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी विचारले, “सरळ की वाकडे, एवढेच सांगायचे ना? मग इतके दिवस कसले लागतात?” याला उत्तर नव्हते.

डावे हेड निर्दोष सुटले. उजव्या हेडच्या मधल्या सिलिंडरपाशी मात्र ०.०५चे पान सहज गेले, ०.०८चे अडखळत गेले, ०.१०चे गेले नाही. नवे गॅस्केट एवढे सांभाळून घेईल, असा मोह मला झाला. परंतु अनेक पोलादी थरांच्या गॅस्केटला पृष्ठभाग सपाटही लागतो आणि गुळगुळीतही. दुसरीकडे, फेसिंगने हेडची उंची घटते, दाबाचे प्रमाण वाढते, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात, आणि व्ही इंजिनात हवा आत नेणाऱ्या मधल्या मॅनिफोल्डची बैठकही सरकते. किमान उंचीच्या खाली गेलेले हेड तर बादच समजावे. हे सगळे वाचून मी हेडकडे आणि हेड माझ्याकडे, असे आम्ही बराच वेळ बघत राहिलो.

अखेर दोन्ही हेड घेऊन मशीनवाल्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी माझ्या कागदावरच्या आकड्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. उजव्या हेडवर व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, बसवून त्यांनी तो दोन बोटांनी फिरवला. तो अडकला असता, तर हेड वरच्या अंगानेही वाकलेले ठरले असते, आणि नुसते फेसिंग करून ते खालून सरळ, वरून वाकडेच राहिले असते. कॅमशाफ्ट सुरळीत फिरला. मग त्यांनी दोन्ही हेडवरून सारखाच ०.१० मिलिमीटरचा थर काढला, कारण एकच हेड कापले असते तर इंजिनाच्या दोन बाजूंचा दाब निराळा झाला असता. डाव्या हेडचा काहीच अपराध नव्हता, पण सुक्याबरोबर ओलेही जळते.

निघताना त्यांनी हात पुसत विचारले, “साहेब, ब्लॉकवर पट्टी ठेवली होती ना?”

मी घरी आलो, हेड स्वच्छ कापडात गुंडाळून ठेवली, आणि दिवा, सरळकडा व ते ०.०५चे पान घेऊन ब्लॉकवर ओणवा झालो. सौभाग्यवती दारातून डोकावल्या. “बसवली का एकदाची ती डोकी?”

“नाही,” मी म्हणालो, “आता धड तपासतो आहे.”