कारेलियाचा अर्धाच दाखला

गेल्या महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लेख फिरला आणि तेव्हापासून माझं मन त्यातून बाहेर येत नाही. लेखाचा सूर असा: लहान मुलांचा टाइप-१ मधुमेह फिनलंडमध्ये जगात सर्वाधिक, आणि सीमेपलीकडच्या रशियन कारेलियात त्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. कारण काय, तर तिकडची मुलं मातीत वाढतात. तेव्हा आपल्या मातीला आणि अस्वच्छतेला नावं ठेवणं बंद करा. खाली दादाने लिहिलं, 'तुमच्याकडच्या अति स्वच्छतेचं फळ.' त्याखाली अंगठ्यांची रांग.

आकडे खरे आहेत, म्हणून तर जास्त लागलं. मी फिनलंडमधल्या ताम्पेरेला राहते. इथे दर लाख मुलांमागे वर्षाला पन्नासच्या वर मुलांना हा आजार होतो. लेकीच्या पाइवाकोतीतल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, दोन मुलांच्या दंडावर रक्तातली साखर मोजणारा सेन्सर आहे आणि कुणी वळूनही बघत नाही. लेकीच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त तपासलं, जनुकीय जोखीम निघाली, म्हणून १९९४ पासून चाललेल्या, टाइप-१ मधुमेहावरच्या डिप या अभ्यासात तिचं नाव आहे. ठरल्या वेळी रक्त द्यायचं आणि निकालाची वाट बघायची. दादासाठी हा वादाचा मुद्दा असेल, आमच्या घरी तो तसा नाही.

दाखला अर्धा आहे तो असा. कारेलियात एंटरोव्हायरसचे, म्हणजे मुख्यतः आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंचे, संसर्ग फिनलंडपेक्षा जास्त आढळतात. याच कुळातल्या कॉक्सॅकी बी विषाणूंवर मधुमेहाचा संशय फार जुना आहे. १९७९ मध्ये मधुमेहाने दगावलेल्या एका दहा वर्षांच्या मुलाच्या स्वादुपिंडातून कॉक्सॅकी बी-४ मिळाला होता. मग जिथे विषाणू जास्त तिथे आजार कमी कसा? इथल्या संशोधकांनी मांडलेला तर्क असा की विषाणू सर्वत्र असला की आईच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) असतात, ती बाळाला मिळतात आणि बाळाचा पहिला संसर्ग त्या संरक्षणाखाली पार पडतो. स्वच्छ देशातल्या बाळाला ते कवच नसतं. पोलिओच्या साथी युरोप-अमेरिकेत स्वच्छता सुधारल्यावरच भडकल्या, त्याचंही स्पष्टीकरण हेच दिलं जातं. २०१४ मध्ये फिनलंडच्याच संशोधकांनी कॉक्सॅकी बी-१ आणि शरीराने स्वतःच्याच स्वादुपिंडाविरुद्ध बनवलेली स्वप्रतिपिंडं यांचा संबंध दाखवला, आणि आईकडे त्या विषाणूची प्रतिपिंडं असतील तर धोका कमी दिसला. २०१९ मध्ये टेडी या अनेक देशांतल्या अभ्यासात दिसलं की एकदा होऊन गेलेल्या संसर्गापेक्षा शरीरात रेंगाळणारा संसर्ग जास्त महत्त्वाचा. विषाणूच आजार घडवतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. संबंध मात्र पुन्हा पुन्हा सापडतो आहे.

म्हणजे त्या तर्कात राखण मातीची नाही, प्रतिपिंडांची आहे. आणि प्रतिपिंडं लसीनेही मिळतात. कॉक्सॅकी बीच्या पाच प्रकारांविरुद्धच्या निष्क्रिय लसीची माणसांवरची पहिली चाचणी इथेच, ३२ निरोगी प्रौढांवर झाली. ती सुरक्षित ठरली, प्रतिपिंडं तयार झाली. मधुमेह टळतो का, हे कळायला अजून बरीच वर्षं जातील. दादाच्या लेखात यातलं एक अक्षर नाही.

आपल्याकडच्या मातीने काय केलं तेही त्या लेखात नाही. पोलिओचा विषाणूही एंटरोव्हायरसच. २००६ च्या एका अभ्यासात पोलिओच्या टाइप-१ प्रकाराविरुद्ध, तोंडावाटे दिलेल्या तिन्ही प्रकारांवरच्या लसीच्या एका डोसाने उत्तर प्रदेशात जेमतेम ९ टक्के संरक्षण मिळत असल्याचं आढळलं, उरलेल्या भारतात २१ टक्के. दाट वस्ती, घाण पाणी, जुलाब आणि आतड्यात आधीच मुक्काम ठोकून असलेले दुसरे विषाणू यांच्यापुढे ते दोन थेंब फिके पडत होते. म्हणून एकेका मुलाला पुन्हा पुन्हा डोस पाजावे लागले. जानेवारी २०११ मध्ये शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत किती मुलं अधू झाली! त्या मुलांना मातीने कोणतं बळ दिलं, हे दादाने मला सांगावं. आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार टाइप-१ मधुमेह झालेल्या मुलांची एकूण संख्या सर्वाधिक आहे ती भारतातच.

इथे ऑफिसात मात्र मी उलट्या बाजूने भांडते. जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी सहज म्हणाला, 'तुमच्याकडे काय, विषाणू सगळीकडेच असणार.' मी त्याला १९८४ ची आठवण करून दिली. वीस वर्षं पोलिओ नसलेल्या याच देशात साथ आली. रुग्ण फक्त दहा, पण अंदाजे एक लाख लोकांमध्ये विषाणू गुपचूप पसरलेला. पोलिओच्या टाइप-३ प्रकाराविरुद्ध इथली लस कमजोर होती, आणि शेवटी जवळजवळ सगळ्या देशाला थेंब पाजावे लागले. मग त्याला परळच्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्राबद्दल सांगितलं, २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओ शोधला जातो तेही सांगितलं. मुंबईत असताना या केंद्राबद्दल मी कुणाला कधी अभिमानाने सांगितलं नव्हतं. इथे सांगताना आवाज चढला होता.

ऑफिसात मी भारत असते, ग्रुपवर फिनलंड. दोन्हीकडे माझ्या वाट्याला बचावच येतो, आणि मी तो मनापासून करते.

एकदा नर्सला विचारलं, माझं बालपण महाराष्ट्रात गेलं, मग माझ्या रक्तातून लेकीला तिथली प्रतिपिंडं मिळाली असतील का? ती म्हणाली, एकेका मुलाबद्दल असं सांगता येत नाही. मला 'हो' ऐकायचं होतं. फिनिश पहिली भाषा असलेल्या, आजोळ फोनवरच बघणाऱ्या माझ्या मुलीला मी तिकडचं असं काही दिलं असावं जे कागदपत्रांवर अवलंबून नाही, एवढीच इच्छा होती. म्हणजे दादाचा तर्क मला खोडायचा आहे आणि माझ्या लेकीपुरता तो खरा ठरलेला हवाही आहे. ती आता चार वर्षांची आहे. आईकडून आलेली प्रतिपिंडं पहिल्या वर्षातच ओसरतात, त्यामुळे आज तिच्या रक्तात जी आहेत ती तिने इथल्याच विषाणूंशी झुंजून स्वतः मिळवलेली आहेत.