कोच काढला तर बोलायचं कोणी? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हंगाम चालू असताना कोल्हापुरातल्या एखाद्या फुटबॉल संघानं प्रशिक्षकाला काढलं, तर ज्यानं निर्णय घेतला त्या पदाधिकाऱ्यानं २४ तासांत पत्रकारांसमोर बसून त्याचं कारण सांगावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं. घरातली भांडणं चव्हाट्यावर नेऊ नयेत. आपले फुटबॉल संघ पेठांतल्या तालमींचे आणि मंडळांचे; तालमीचे पदाधिकारी पदरमोड करून संघ चालवतात, ते कुणाचे नोकर नाहीत. कायद्यात असं कुठं लिहिलेलं नाही. उत्तर द्यायचं ते शाहू स्टेडियमवर, खेळून द्यायचं. आणि शेवटचं, काढलेल्या माणसाची जाहीर बदनामी झाली तर त्याला पुढं कोण उभं करणार?

शेवटच्या मुद्द्यात तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात ती बाजू आलीच नव्हती. त्यावर खाली लिहिलं आहे. बाकीचं मला पटत नाही.

आधी चव्हाट्याचं. आपल्या पेठांत रात्री बैठक उठली की सकाळच्या चहाआधी ती मोबाईलवर पोचलेली असते. कोण काय बोललं, कोण उठून गेलं, कुणाच्या घरी आधी ठरलं होतं, सगळं. त्यामुळं गोष्ट घरात ठेवायची की बाहेर न्यायची हा पर्याय पदाधिकाऱ्यांच्या हातात उरतच नाही. तिची पहिली आवृत्ती कुणाच्या तोंडून बाहेर पडावी, एवढंच त्यांच्या हातात असतं. ते गप्प बसले तर ती जागा रिकामी राहत नाही. तिथं कर्णधाराला उभं केलं जातं, किंवा नव्या कोचला. ज्यांनी निर्णय घेतला नाही, त्यांनाच त्याचं समर्थन करावं लागतं.

हे छोट्या संघांपुरतं नाही. विराट कोहलीचं उदाहरण तारखांसकट बघा. ८ डिसेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याचा कसोटी संघ जाहीर झाला, आणि त्याच पत्रकात एकदिवसीय संघाचं कर्णधारपद रोहित शर्माकडे गेल्याची एक ओळ होती. कारण नाही, प्रश्न विचारायला कुणी समोर नाही. मग बोर्डाचे अध्यक्ष सौरव गांगुली यांनी सांगितलं की ट्वेंटी-२० चं कर्णधारपद सोडू नकोस अशी विनंती कोहलीला केली होती; ते पद त्यानं आधीच सोडलं होतं. १५ डिसेंबरला कोहली पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला, अशी विनंती कुणी केली नव्हती, आणि एकदिवसीय कर्णधारपद काढल्याचं निवड समितीच्या बैठकीआधी दीड तास कळलं. निवड समितीचे अध्यक्ष चेतन शर्मा यावर बोलले ते ३१ डिसेंबरला, म्हणजे २३ दिवसांनी. तोवर देशभर एकच वाद होता, खोटं कोण बोलतंय. एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० ला वेगळे कर्णधार नकोत हा मूळ निर्णय अगदी समर्थनीय होता. पहिल्या दिवशी निवड समितीचा एक माणूस पंधरा मिनिटं बसला असता तर चर्चा त्या निर्णयाची झाली असती. झाली ती माणसांच्या खरेखोटेपणाची.

याच्या उलट २२ जुलै २०२४ ची मुंबईतली पत्रकार परिषद. हार्दिक पंड्याला डावलून सूर्यकुमार यादवला ट्वेंटी-२० चं कर्णधार केलं होतं. निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर समोर बसले आणि सांगितलं की जवळजवळ प्रत्येक सामना खेळू शकेल असा कर्णधार हवा होता, आणि हार्दिकच्या बाबतीत तंदुरुस्तीचा प्रश्न आहे. हे कारण कुणाला पटलं, कुणाला नाही. पण ते कुणाचं आहे हे कळलं, आणि हार्दिकला त्याचं स्पष्टीकरण देत फिरावं लागलं नाही.

फुटबॉलमध्ये तर भारतीय संघाचा कोच स्टिमाच याचं प्रकरण आहेच. ११ जून २०२४ ला दोह्यात भारताची कतारकडून १-२ हार झाली आणि विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी हुकली. कतारची बरोबरी ज्या गोलनं झाली त्यात चेंडू रेषेबाहेर गेला होता, तो राग वेगळाच. १७ जूनला अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं पत्रक काढून इगोर स्टिमाचला काढलं. २१ जूनला स्टिमाचनं स्वतःच ऑनलाईन पत्रकार परिषद घेतली आणि महासंघावर आरोपांची सरबत्ती केली. त्याला महासंघानं पुन्हा पत्रकानंच उत्तर दिलं. त्याचा करार तर आदल्याच वर्षी जून २०२६ पर्यंत वाढवला होता. शेवटी सुमारे ४ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवल्याच्या बातम्या आल्या. करार कुणी वाढवला, मुदतीआधी काढल्यास काय द्यावं लागेल हे त्या वेळी कुणी तपासलं, हे दोन प्रश्न समोरासमोर विचारायला हवे होते. पत्रकाला उलट प्रश्न करता येत नाही. पत्रक आणि पत्रकार परिषद यांत हाच फरक आहे, आणि त्याचसाठी माझा हट्ट आहे.

आता 'उत्तर मैदानावर द्यावं'. हे वाक्य आपल्याकडं फार लाडकं आहे, आणि खेळाडूच्या तोंडी ते शोभतं. पदाधिकाऱ्याच्या तोंडी शोभत नाही, कारण मैदानावर तो उतरत नाही. शिवाय निकालानं निर्णयाचं उत्तर मिळतं हेही खरं नाही. जर्मनीतल्या बायर्न म्युनिक क्लबनं मार्च २०२३ मध्ये कोच नागेल्समानला काढलं, तेव्हा संघ लीगमध्ये अव्वल स्थानापासून फक्त एक गुण मागं होता. क्लबचा निरोप त्याच्यापर्यंत पोचण्याआधी बातमी फुटली, ही त्यांची मोठी चूक. पण दुसऱ्या दिवशी, २५ मार्चला, ऑलिव्हर कान आणि सालिहामिजिच हे दोघं वरिष्ठ पदाधिकारी नव्या कोचला, टुखेलला, घेऊन पत्रकारांसमोर बसले. विश्वचषकानंतर खेळात चढउतार फार झाले आणि हंगामाची उद्दिष्टं धोक्यात आली, हे कारण त्यांनी उघड सांगितलं. पुढं काय झालं? जर्मन चषकात फ्रायबुर्गकडून हार, चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीकडून हार, आणि २७ मे रोजी शेवटच्या सामन्यात ८९ व्या मिनिटाच्या गोलवर लीगचं विजेतेपद. त्याच दिवशी कान आणि सालिहामिजिच यांनाही काढलं. संघ जिंकला तरी ते गेले, कारण मार्चमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलेली उद्दिष्टं समोर होती आणि त्यांवरून त्यांना मोजता आलं. कारण जाहीर सांगण्याचा खरा उपयोग हा. निर्णय घेणाऱ्यालाही त्यामुळं माप लागतं.

बायर्नची अजून एक गोष्ट आपल्या कामाची आहे. त्या क्लबचा ७५ टक्के हिस्सा सभासदांच्या संस्थेकडं आहे, उरलेला तीन कंपन्यांकडं. म्हणजे मालक एक शेठ नाही, लाखो सभासद आहेत. पाटाकडील असो, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, खंडोबा किंवा बालगोपाल, आपल्या संघांचं मूळही असंच आहे. संघ पेठेचा असतो. पदाधिकारी पदरमोड करतात हे शंभर टक्के खरं, आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याच संघासाठी घराघरातून वर्गणीही निघते, पोरं उन्हात स्टँडवर बसतात, व्यापारी जर्सीचा खर्च उचलतात. मानधन घेत नाही म्हणून उत्तर देणार नाही, हे वर्गणी घेतल्यावर म्हणता येत नाही. प्रत्येक वर्गणीदार तालमीत येऊन विचारू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं पत्रकार विचारतो. एवढाच पत्रकाराचा हक्क.

कायद्याबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, बंधन काही नाही. मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर हिशेब धर्मादाय आयुक्तांकडं जातात. कोच का काढला हे तिथं कुणी विचारत नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानं माहितीचा अधिकार लावला तो सरकारी मदत घेणाऱ्या मान्यताप्राप्त क्रीडा संस्थांना. तालमीचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणून मी सक्ती मागत नाही, पद्धत पडावी असं म्हणतो.

ती पद्धत नेमकी कशी असावी, हे मूळ लेखात अपुरं राहिलं होतं. ते इथं लिहितो.

सगळ्यात आधी कोचला सांगायचं, समोर बसवून, आणि ज्यानं ठरवलं त्यानंच. फोनवर नाही, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. त्याच वेळी हातात सहीचं पत्र द्यायचं. शेवटचा दिवस कोणता, किती पैसे देणं बाकी आहे आणि ते कोणत्या तारखेला मिळतील, साहित्य, किल्ल्या आणि खेळाडूंची कागदपत्रं कुणाकडं द्यायची, हे त्यात हवं. देण्याची रक्कम पत्रात नसली की पुढचे सहा महिने तोच वाद चालतो. त्यानंतर कर्णधार आणि खेळाडू. दुसऱ्या दिवशीच्या सरावाआधी पंधरा मिनिटं पुरतात, पण हंगामी जबाबदारी कुणाकडं हे त्याच वेळी सांगावं लागतं, नाहीतर सरावाला अर्धी पोरं येतात.

मग दीडशे शब्दांचं निवेदन. निर्णय कुणी घेतला, कोणत्या बैठकीत, कारण कोणत्या प्रकारचं, पुढच्या सामन्याला संघ कोण बघणार, आणि कायमचा कोच कधीपर्यंत नेमणार. एवढंच. तालमीच्या दारातल्या फळ्यावर ते आधी लागावं, पत्रकारांना नंतर जावं. पेठेला आपल्या संघाची बातमी पेपरातून कळू नये.

पत्रकार परिषद दुपारी चारच्या सुमारास, तालमीत घ्यावी. सामना संपल्यावर स्टेडियमवर कधीही नाही. तिथं भोवती गर्दी असते आणि माणूस गर्दीला ऐकू जाईल असं बोलतो. सगळ्यांना एकाच वेळी बोलवायचं, यूट्यूबवाल्या पोरांनाही. ओळखीच्या एकाच बातमीदाराला आधी सांगितलं की बाकीचे खार खातात आणि दुसऱ्या दिवशीची बातमी त्या रागातून येते. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. बोलणारा एकच असावा, आणि तो निर्णयात असलेला असावा. प्रसिद्धीप्रमुखाला पुढं करून काही उपयोग नाही, कारण तिसऱ्या प्रश्नाला तो 'विचारून सांगतो' म्हणतो. खेळाडूंना शेजारी बसवू नये. हंगामी कोचलाही नाही, नाहीतर सगळे प्रश्न त्याच्याकडं वळतात. आणि आपल्या मोबाईलवर संपूर्ण रेकॉर्डिंग ठेवायचं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापून फिरवला गेला तर पूर्ण बोलणं दाखवता यायला हवं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या प्रतिस्पर्ध्याशी सामना असेल तर निवेदन आधी आणि परिषद सामन्यानंतरच्या दिवशी, हे चालेल.

हे सगळं बिघडतं कशामुळं? बहुतेक वेळा शब्दांमुळं. 'परस्पर संमतीनं' असं लिहायचं तर दोघांच्या सह्या हव्यात. एकाची सही नसताना ते छापलं की कोच संध्याकाळपर्यंत इन्कार करतो. 'सर्वानुमते' लिहिलं आणि तीन सभासद बैठकीला नव्हतेच, की ते तिघं वेगळी मुलाखत देतात. आणि पैसे संपले म्हणून कोच सोडावा लागला असेल, तर तेच सांगावं. हे सांगणं सगळ्यात जड जातं, कारण त्यात तालमीची अब्रू वाटते. पण ते लपवण्यासाठी 'कामगिरी समाधानकारक नव्हती' म्हटलं, तर एका माणसाच्या कामावर खोटा डाग लागतो.

इथं तुमचा शेवटचा मुद्दा येतो, दादा. मी लिहिलं होतं, 'कारण सांगावं'. किती सांगावं हे लिहिलं नव्हतं. आपल्याकडचे बरेच कोच सकाळी शाळेच्या पोरांना शिकवतात, कुठंतरी छोटी नोकरी करतात, त्याच शहरात राहतात. म्युनिकमधून काढलेल्या कोचला दुसरा देश असतो. मंगळवार पेठेतून काढलेला कोच दुसऱ्या दिवशी शिवाजी पेठेतून चालत असतो. 'शिस्त' किंवा 'आर्थिक' हा एकच शब्द जाहीर उच्चारला तरी तो त्याच्यामागं वर्षानुवर्षं राहतो. म्हणून माझं म्हणणं बदलतो. कारणाचा प्रकार सांगावा, तपशील नव्हे. निकाल, खेळण्याची पद्धत, करार संपला, पैसे नाहीत, किंवा चौकशी चालू आहे. आजार आणि घरगुती गोष्टी पूर्ण वर्ज्य. ज्या आरोपाची चौकशी झालेली नाही तो नाव घेऊन उच्चारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीत मोडू शकतं, तेव्हा तिथं 'चौकशी चालू आहे' याच्यापुढं एक शब्द नाही. 'हे सांगणार नाही, कारण त्या माणसाच्या कामावर परिणाम होईल', असं पत्रकाराला तोंडावर म्हणता येतं. पत्रकार ते समजून घेतात. त्यांना चीड येते ती फोन बंद ठेवल्याची.

आणि निवेदनाचा मसुदा कोचला दोन तास आधी दाखवावा. त्याला हवं असेल तर त्याच्या दोन ओळी त्याच्या नावानं त्याच कागदावर छापाव्यात. त्यालाही वेगळी परिषद घ्यायची गरज बहुधा पडणार नाही.

एवढं सगळं करायचं आणि त्या माणसाला घरी नीट सांगायला एक रात्र मिळू द्यायची, तर २४ तास कमी पडतात. मूळ लेखात ते ४८ केले आहेत, आणि 'कारण' या शब्दाच्या जागी 'कारणाचा प्रकार' असं लिहिलं आहे. बदल तुमच्या प्रतिक्रियेमुळं झाला, अशी नोंद तिथं खाली ठेवली आहे.