किल्ली कोणाच्या कनवटीला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

पाटील सर, नमस्कार.

इंग्रजी अमलात लंडनमध्ये ठेवलेल्या हिंदुस्थानच्या गंगाजळीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की आपली देणी पौंडांतच होती, मग रुपयाचा दर सावरायला ठेवलेला सुवर्ण राखीव निधी तिकडे असणंच सोयीचं. तो आपल्या ताब्यात हवा ही इथल्या अर्थतज्ज्ञांची मागणी निव्वळ भावनेची. आणि सोलापूरच्या माणसाला त्याचं काय सोयरसुतक?

सोयीचा मुद्दा मला मान्य आहे. इंग्रज अर्थतज्ज्ञ केन्सने १९१३ मध्ये साधारण तेच मांडलं होतं. शिवाय आपले अर्थतज्ज्ञ एकमुखाने बोलत होते असं मी लिहिलं, ते चुकलं. डॉ. आंबेडकर तर हा निधीच मोडीत काढा म्हणत होते. रुपयातली चांदी त्याच्या दर्शनी किमतीहून स्वस्त, म्हणून नाणी पाडण्यात नफा होई; निधी भरायचा त्या नफ्यातून. म्हणजे तो वाढवायचा तर रुपये जास्त पाडा, आणि रुपये जास्त झाले की रुपयाची किंमत उतरणार. हे लेखात यायलाच हवं होतं.

पण भावनेची मागणी? १९०७ चं घ्या. रुपया सावरायला ठेवलेल्या या पैशातून दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम भारतमंत्र्यांनी, म्हणजे लंडनमध्ये बसून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांनी, रेल्वेकडे वळवली. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, अमेरिकेत बँका कोसळल्या आणि रुपया सावरायची वेळ खरंच आली. सोनं मुंबईत की लंडनमध्ये, हा प्रश्न त्यामानाने लहान आहे. किल्ली कोणाच्या कनवटीला, हे आपली माणसं विचारत होती.

१९३१ च्या सप्टेंबरात तर सगळं उघडं पडलं. इंग्लंडने पौंडाचं सोन्याशी असलेलं नातं तोडलं. इकडे सरकारने ठरल्या दराने सोनं आणि पौंड विकण्याची बांधिलकी स्थगित करून रुपया मोकळा सोडणारा वटहुकूम काढला, तिकडे भारतमंत्र्यांनी रुपया पौंडालाच बांधलेला राहील असं जाहीर केलं. तीन दिवसांत वटहुकूम गुंडाळावा लागला. इथे नेमलेल्या इंग्रज अर्थमंत्र्याचीही ही गत!

आता सोलापूर. रुपयाला १ शिलिंग ४ पेन्स या जुन्या दराने पौंडाला १५ रुपये पडत. १९२७ च्या कायद्याने दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. शंभर पौंडांचं इंग्लंडातल्या लँकेशायरचं कापड दीड हजारांऐवजी सव्वातेराशेच्या जरा वर येऊ लागलं. ज्या गावाचं पोट गिरणीच्या भोंग्यावर चाले, त्या गावाला हा फरक कसा परका वाटेल? मुंबईचे व्यापारी पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगात भिन्नमत नोंदवलं, ते या दराविरुद्धच. आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांना आकडेवारी पुरवणारे गणेश व्यंकटेश जोशी इथल्याच हायस्कुलात हेडमास्तर होते. हा विषय सोलापुरात उपरा कधीच नव्हता.

आमच्या पणजोबांची मंगळवेढ्याला ज्वारीची शेती. त्यांचा १९३२ चा रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, माझ्याकडे आहे. ज्वारीचा भाव पानागणिक उतरत जातो, शेतसारा मात्र तोच. फाल्गुनात एक ओळ येते, 'घरच्या पाटल्या दोन, मोड.' खाली सराफाकडून आलेली रक्कम, आणि लगेच पुढे साऱ्याचा भरणा. असं घराघरांतलं सोनं मुंबईहून बोटीने लंडनला गेलं. ते सरकारने इथेच विकत घेऊन राखीव निधीत टाकावं, निर्यात थांबवावी, अशी मागणी तेव्हा आपले व्यापारी आणि अर्थतज्ज्ञ करत होते. ती मानली गेली नाही. सरकारने ते सोनं घेतलं असतं, तर पणजीच्या पाटल्या मोडल्या असत्याच, पण त्यांचं सोनं देशाच्या खात्यावर जमा झालं असतं.

सोयरसुतक आहे ते एवढं, सर. तुम्ही विजापूर रोडला राहता असं मागे म्हणाला होतात. रविवारी या, रोजमेळ दाखवतो. शाई फिकी झाली आहे, पण मोडी येत असेल तर सहज लागते.