‘एक वाचक’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नरक्या या आपल्या घाटातल्या झाडावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “परीक्षानळीत पेशी मेल्या म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. शोधही नरक्यातला नाही, चिनी झाडातला आहे. असल्या लेखांमुळे लोक केमो सोडून काढे पितात. घरात बसून झाडपाल्याचं कौतुक करायला काय जातंय? ज्याच्या घरी कॅन्सर येतो त्याला विचारा.”

शोधाचं तुमचं बरोबर. कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं द्रव्य १९६६ साली रसायनशास्त्रज्ञ मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी अमेरिकेत चिनी झाडातून वेगळं केलं; नरक्यात ते १९७२ साली सापडलं. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण ते शेवटचं वाक्य लिहिताना तुमचा हात अडला नाही? विचारा म्हणता ना, मग ऐका. माझ्या आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. दर पंधरा दिवसांनी पहाटेच्या एसटीने साताऱ्याहून पुणे. सलाईनच्या बाटलीवरचं नाव मी नर्सबाईंना विचारून वहीत उतरवलं : इरिनोटेकॅन. ते कॅम्प्टोथेसिनपासूनच बनवतात. पाटणकडच्या रानात ज्याच्या फुलांच्या घाण वासाने आम्ही पोरं नाक दाबून पळायचो, त्याच झाडातलं द्रव्य! घरी आलं की आईला जुलाब लागायचे. भिंत धरधरून ती संडासापर्यंत जायची आणि मी मागे तांब्या घेऊन.

त्याच दिवसांत एक वैद्य नरक्याच्या सालीची पुडी घेऊन आला. म्हणाला, तेच औषध आहे, केमो बंद करा. मी त्याच्यादेखत ती चुलीत टाकली. आई पुढे तीन वर्षं आमच्यात होती. आणि तुम्ही मला काढ्यांचे धोके सांगता?

लेखाचा चौथा परिच्छेद वाचला असतात तर दिसलं असतं. मूळ द्रव्याच्या चाचण्या सत्तरच्या दशकात थांबल्या, कारण त्याने रुग्णांच्या मूत्राशयाला इजा होत होती. रेणूत बदल करून इरिनोटेकॅनला अमेरिकेत परवानगी मिळाली ती १९९६ साली. तीस वर्षं लागली. साल उकळून ती भरून निघत नाहीत, हेच मी लिहिलंय.

परीक्षानळीबद्दल वाद घालत बसत नाही, मी तसा दावा केलेलाच नाही.

लेख होता तो आपल्या घाटातला नरक्या चोरून, मुळासकट तोडून नेतात त्याबद्दल. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. पुढच्या वेळी ते वाचा आणि स्वतःच्या नावाने लिहा.