एका सीसीला पन्नास रुपये

गाडी जुनी होत जाते तसा तिचा विमाही स्वस्त होत जातो, ही समजूत मी स्वतःहून करून घेतलेली नाही. विमा कंपनीनेच ती पाच वर्षं लाडाकोडात वाढवली. दर दिवाळीला नूतनीकरणाचा मेसेज यायचा, आकडा आठशेच्या आत असायचा आणि मी चहा पितापिता पैसे भरून मोकळा व्हायचो. यंदाही तोच मेसेज आला, त्यावर त्याच पणत्या आणि तीच रांगोळी, पण आकडा होता २,६४० रुपये.

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत विम्याचं काम सी विंगमधल्या वहिनी बघतात. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीही त्याच घेतात, त्यामुळे या दिवसांत त्यांना विम्याबद्दल विचारायचं म्हणजे आधी अर्धा किलो चकली सांगावी लागते. सांगितली. मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा थर्ड पार्टी संपला ना आता."

झालं होतं असं. माझी दीडशे सीसीची मोटरसायकल २०२० च्या दिवाळीतली. १ सप्टेंबर २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. शोरूमवाल्याने तो 'ऑन रोड' किमतीत घालून टाकलेला. हार, नारळ, पेढे आणि फोटो यांच्या गडबडीत ऑन रोडच्या पोटात काय काय आहे, हे कोण उघडून बघतं? पुढे दरवर्षी मी भरत होतो तो फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा. आता थर्ड पार्टी दाराशी परत येऊन उभी राहिली होती.

"दुसऱ्या कंपनीत बघू का?" मी विचारलं.

"बघा की. सगळीकडे ७१४ च. सरकारी दर आहे तो."

हेही खरं निघालं. ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा थर्ड पार्टी दर केंद्र सरकारने १ जून २०२२ पासून ७१४ रुपये ठरवलेला आहे आणि तेव्हापासून तो तिथेच आहे. घासाघीस करायला जागाच नाही. ज्या माणसाने गावदेवी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर कढीपत्ता मिळवल्याशिवाय कधी पिशवी मिटली नाही, त्याला हे जड जातं. वर १८ टक्के जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून माझ्या स्वतःच्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, मोटरसायकलच्या विम्यावरचा मात्र जसाच्या तसा राहिला. दोघांत चैनीची वस्तू कोण, हे सरकारने ठरवलेलं दिसतं.

तरी ७१४ आणि जीएसटी मिळून साडेआठशेही होत नाहीत. बाकीचे पैसे कशाचे, म्हणून वहिनींनी यादी वाचायला घेतली. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा. रस्त्यात बंद पडली तर मदत. ऑइल आणि नटबोल्टांचा वेगळा विमा. आणि इंजिन प्रोटेक्ट.

"इंजिन कशाला प्रोटेक्ट?"

"तुम्ही विटाव्यावरून जाता ना ऐरोलीला?"

इथे माझं तोंड बंद झालं. मानपाड्याहून ऐरोलीला जाणाऱ्या माणसाला विटाव्याच्या रेल्वे पुलाखालचं पाणी सांगावं लागत नाही. जुलैत चांगली सर आली की तिथे पाणी भरतं. अलीकडे दुचाकीवाले पाय उचलून उभे, पलीकडे दुचाकीवाले पाय उचलून उभे, आणि मध्ये एखादा टेम्पो लाट उठवत दोन्ही बाजूंना सारखंच भिजवत जातो. मग कोणीतरी धीर धरतो, पहिला गिअर टाकतो, निम्म्यात त्याची गाडी फुर्रर्र करून गप्प होते. तो सेल्फ मारतो. काठावरची सगळी जनता एका सुरात ओरडते, "मारू नको!" कारण सायलेन्सरातून किंवा एअर फिल्टरमधून पाणी आत गेल्यावर सेल्फ मारला, तर पिस्टन पाणी दाबायला जातो, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. असं मोडलेलं इंजिन साध्या पॉलिसीत बसत नाही, पाण्यात गाडी चालू करायचा प्रयत्न तुम्ही केलात म्हणून. त्याचे वेगळे पैसे भरावे लागतात. काठावरची ती जनता फुकटात इंजिन प्रोटेक्ट करत असते, तिला कोणी एक रुपया देत नाही.

"आणि झिरो डेप?" मी हुशारी दाखवली.

"ते तुमच्या गाडीला आता देत नाहीत. पाच वर्षं झाली ना."

म्हणजे घसारा न कापता पैसे देणारी ती सोय गेली; आता प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी असं काही मोडलं तर निम्मे पैसे आपले. आणि आजकालच्या मोटरसायकलमध्ये प्लॅस्टिक आणि रबर सोडून मोडण्यासारखं दुसरं असतं काय? मागच्या वर्षी माजिवड्याला सिग्नल सुटताना एका रिक्षाने माझा आरसा, इंडिकेटर आणि क्लच लिव्हर असं सगळं एका फटक्यात काढून नेलं. रिक्षावाला थांबला, मागे बघून "काही नाही झालं" असं जाहीर केलं आणि गेला. मी क्लेम करायला निघालो, तर वहिनींनी अडवलं. क्लेम केला की एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, जातो. पाच वर्षं क्लेम न केल्याबद्दल नुकसानीच्या हप्त्यात जी ५० टक्के सूट मिळते, ती एका आरशापायी शून्यावर यायची आणि मग २० टक्क्यांपासून पुन्हा जिना चढायचा. तेव्हा विमा असूनही आरसा मी माझ्याच पैशांनी बसवला. विमा वापरायचा नाही म्हणून सूट, आणि सूट टिकवायची म्हणून विमा वापरायचा नाही. याला शिस्त म्हणतात.

हे सगळं जेवताना ऐकून घेतल्यावर माझा मेहुणा म्हणाला, "दाजी, मग गाडीच बदला ना."

या माणसाचे सगळे सल्ले वाक्यात छोटे आणि खर्चात मोठे असतात. पण या वेळी त्याच्याकडे बळ होतं. ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा जीएसटी त्याच सप्टेंबरात २८ वरून १८ टक्क्यांवर आलेला. "आठ-दहा हजार सरळ वाचतात," तो म्हणाला. लाखभर खर्च केल्याशिवाय ते वाचत नाहीत, ही गोष्ट त्याने भातात कालवून टाकली.

मी शोरूमांत हिंडू लागलो. एक १६२.७ सीसीची गाडी मनात भरली. शांत, पोक्त, डोंबिवलीच्या जावयासारखी. मग विम्याचा आकडा बघितला. १५० सीसीच्या वर गेलं की थर्ड पार्टी ७१४ चा १,३६६ होतो. माझी गाडी १४९.५ सीसीची. दोघींत फरक १३ सीसीचा आणि वर्षाला ६५२ रुपयांचा. एका सीसीला जवळजवळ पन्नास रुपये! एवढ्यात मामलेदारची मिसळ होत नसेल कदाचित, पण वडापाव नक्की होतो, आणि वडापाव एका सीसीपेक्षा कितीतरी जास्त पोट भरतो. शिवाय नवी गाडी म्हणजे पुन्हा पाच वर्षांचे एकदम, ७,३६५ अधिक जीएसटी. म्हणजे ८,६९१ रुपये, गाडीने कासारवडवलीचा पहिला खड्डा बघायच्या आधीच.

"दाजी, चुकीचं गणित करताय," मेहुणा म्हणाला. "१५० ते ३५० पर्यंत दर एकच. १६२ ला पण १,३६६ आणि माझ्या बुलेटच्या ३४९ ला पण १,३६६. मग १६२ वर का थांबायचं? पैसे वसूल करा!"

आणि वाचकहो, हे मला पटलं. रात्री अकराला मी फोनवर पैशांना सीसीने भागत बसलो होतो. ३४९ सीसी घेतली तर सीसीमागे चार रुपयेसुद्धा पडत नाहीत. ३५० च्या पुढे गेलात तर दर २,८०४ आणि गाडीवर जीएसटी ४० टक्के. तेव्हा ३४९ हा आकडा ज्याने काढला त्याला इंजिनीअरिंगपेक्षा कर जास्त कळत असणार. विम्याचे दीड-दोन हजार जड झाले म्हणून दोन लाखांच्या पुढची गाडी घेणं किती फायद्याचं आहे, हे मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं. तिने कागद उलटा केला आणि त्यावर वाण्याची यादी लिहिली.

मधे एक दिवस विजेच्या स्कूटरचंही खूळ आलं. तिचा थर्ड पार्टी दर कमी असतो, ३ ते ७ किलोवॅटला ६०७. म्हणजे वर्षाला १०७ रुपये वाचणार. पण चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ठराव मांडावा लागतो, आणि आमच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपून पुढच्या विषयावर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

शेवटी जुन्या गाडीचे किती येतात ते तरी बघू, म्हणून एक्स्चेंजवाल्याला बोलावलं. कोवळा पोरगा, पण नजर पोलीस पाटलाची. त्याने आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. टाकीवर अंगठ्याचं नख ओढून रंग मूळचा की मारलेला ते पाहिलं. चेन दोन बोटांनी उचलून सोडली. पुढचा ब्रेक दाबून हँडल खाली ढकललं आणि शॉकअप वर येताना कान लावला. मग इंजिन थंड असतानाच चालू करायला लावलं, डोळे मिटले आणि डॉक्टर नाडी सोडताना करतात तसा 'च्' केला.

"टायमिंग चेन बोलतेय, साहेब. बावीस."

मी पॉलिसीचं कोटेशन काढलं. त्यात गाडीची किंमत, ती आयडीव्ही म्हणतात ती, स्पष्ट लिहिलेली. ४२,०००. याच आकड्यावर माझ्याकडून हप्ता घेतात, म्हटलं.

त्याने कागद नीट वाचला. "साहेब, हे गाडी चोरीला गेली तर. गेली का चोरीला?"

"नाही."

"मग बावीस."

त्या रात्री पार्किंगमध्ये मी गाडीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, हे नाकारत नाही. विकली तर बावीस, चोरीला गेली तर बेचाळीस. पण आमच्या पार्किंगमधून पाच वर्षांत चोरीला गेलेली एकमेव वस्तू म्हणजे वॉचमनची खुर्ची. चोरांनाही टायमिंग चेनचा आवाज कळत असावा.

विमा न काढता काही दिवस चालवली तर, असंही मनात येऊन गेलं. पण पहिल्यांदा सापडलं तर २,००० दंड, पुन्हा सापडलं तर ४,०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. मुदत संपून ९० दिवस गेले की इतक्या मुश्किलीने, आरसा स्वतःच्या पैशांनी बसवून जपलेला एनसीबीही जातो. आणि चेष्टा बाजूला ठेवून सांगायचं, तर या सगळ्या कागदात कामाचे पैसे मला त्या ७१४ चेच वाटतात. माझ्या गाडीने कोणाचा जीव गेला किंवा कोणी कायमचं अपंग झालं, तर अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल, ती कितीही लाखांची असो, कंपनी भरते. माणसाच्या इजेला तिथे मर्यादा नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या पत्र्यांच्या कडेकडेने, उलट्या दिशेने येणारे, मधूनच धावणारे, फोनवर बोलत रस्ता ओलांडणारे बघत रोज जाणाऱ्याला ती रक्कम डोळ्यांसमोर दिसते. मी भांडलो ते नटबोल्टांच्या विम्यासाठी.

ते नटबोल्ट काढले, रस्त्यातली मदत काढली. विटाव्याला स्मरून इंजिन ठेवलं. आकडा १,९८० वर आला. वहिनींनी लिंक पाठवली, मी पैसे भरले, पॉलिसीची पीडीएफ आली. "गाडी विकलीत तरी एनसीबी तुमचाच राहतो हं, भाऊजी," त्या जाताजाता म्हणाल्या. "पत्र घेऊन ठेवायचं, तीन वर्षं चालतं." बायको म्हणाली, गेल्या पाच वर्षांत याच्यात वाढलेली दाखवण्याजोगी गोष्ट ती एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक्स्चेंजवाल्याचा फोन.

"साहेब, काय ठरवलं?"

"काही नाही. कालच विमा भरला."

"फुल भरला? वर्षाचा?" त्याचा आवाज एकदम खुलला. "मग आधी सांगायचं ना, साहेब. तुमच्यासाठी साडेबावीस करतो."