चेन कुठाय?

उजव्या हाताच्या तीन बोटांची सालटी निघालीत, म्हणून डाव्या हाताने टाइप करतोय. चुका दिसल्या तर शेजारच्या काकांना बोला.

शाफ्टवाली जुनी मोटरसायकल नव्यासारखी करायचा किडा मला चावलाय, तर मागचं सस्पेन्शन उतरवायला घेतलं. शॉकअब्सॉर्बर मुकाट निघाले. खरी गंमत स्विंगआर्मची, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दुपायी आर्मची. एरवी तो साधा चिमटा असतो. इथे त्याच्या एका पायाच्या पोटातून चाक फिरवणारा शाफ्ट जातो. १९२३ च्या बीएमडब्ल्यू आर ३२ लाही शाफ्टच होता आणि तेव्हापासून लोक सांगत आलेत, याला काही करावं लागत नाही. म्हणूनच चाळीसेक वर्षं कुणी काही केलेलं नसतं! आर्मचा २७ चा नट इतक्या अरुंद खोबणीत, की नवाकोरा सॉकेट ग्राइंडरवर घासून पातळ करावा लागला. पोटचं पोर शाळेत मार खाताना बघावं तसं वाटलं.

गियरबॉक्सच्या मागे रबरी बूट, त्याच्या आत शाफ्टचे चार बोल्ट. चाक फिरवून एकेक बोल्ट वर आणायचा आणि सोडवताना कुणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायचा, नाहीतर पान्याबरोबर शाफ्टही फिरतो. काका मघापासून हात मागे बांधून उभेच होते.

"चेन कुठाय?"

"याला चेन नसते, काका."

"काढून ठेवलीस होय?"

"नसतेच. आत दांडा असतो. तो फिरला की चाक फिरतं."

"अस्सं." बराच वेळ विचार. "मग चेन सैल झाली की काय करतोस?"

मी म्हटलं, काका, तुम्ही ब्रेक दाबा. सोडू नका. दोन बोल्ट झकास सुटले. तिसऱ्यावर मी सगळं वजन टाकलं आणि काकांचा फोन वाजला.

"हां बोल... नाही रे, खालीच आहे. याच्या गाडीची चेन हरवलीय, ती शोधतोय."

पाय उचलला. पाना सटकला. बोटं फ्रेमवर.

चौथ्याला ब्रेकचं पेडल दोरीने बांधलं. दोरीला फोन येत नाही. ही अक्कल पहिल्या बोल्टाला यायला हवी होती, मान्य. आर्म खाली घेताना त्यातलं ऑइल चपलेत ओतलं. मागच्या गियरकेसमधलं काढलं होतं, आर्मच्या नळीतलं वेगळं असतं हे विसरलो. गंधकासारखा तो वास अजून पायाला आहे.

पाय धुऊन आलो. पेपरवर डावं-उजवं असं ओळीने मांडलेलं सगळं गायब! काकांनी मोठं मोठ्यात, छोटं छोट्यात असं दोन डब्यांत भरलेलं. आर्म ज्यांवर हलतो त्या टेपर बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा आर्ममध्येच आहेत, आतले रोलर आपापल्या रिंगेला घासून जुळलेले. आता डावं कुठलं, उजवं कुठलं? चांगली बेअरिंगं होती हो! आता दोन्ही नवीन घ्यायची, आणि वर काकांना "थँक्यू" मीच म्हणायचं.

म्हटलंही.

"अरे, त्यात काय," काका म्हणाले. "चेन तेवढी नाही सापडली."